जपानी अक्षरं गिरवायला शिकवा, नुसतं बोलणं पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानी भाषा आणि पुण्यातल्या नोकऱ्या यावर तुम्ही पानभर लेख छापलात, वाचून बरं वाटलं, कारण आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात हा विषय रोजचा आहे. पण त्या अख्ख्या पानात लिपीबद्दल एक ओळ नव्हती. पगार किती, लेव्हल कुठली लागते, किती महिन्यात बोलता येईल, सगळं होतं, आणि ती भाषा ज्या अक्षरात लिहितात ती अक्षरं शिकायची कशी हे कुठेच नाही. म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल, सांभाळून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, १९ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी कंपनीला जपानी कस्टमर मिळाला तेव्हा मी स्वतःहून एक क्लास लावला, तीन महिन्याचा स्पोकन कोर्स, शनिवार-रविवार. तिथे सगळं इंग्रजी अक्षरात शिकवायचे. बोर्डवर इंग्रजी, वहीत इंग्रजी, परीक्षा पण इंग्रजी अक्षरातच. आम्ही दोघातिघांनी विचारलं की सर लिपी कधी, तर उत्तर आलं की तुम्हाला कुठे पुस्तकं लिहायचीत, बोलता आलं की काम झालं. मला तेव्हा ते पटलं होतं हे खरं. ओहायो गोझाइमासु म्हणजे सुप्रभात म्हणता येत होतं, स्वतःची ओळख करून देता येत होती, घरी पण सगळे खूष.

मग आमच्याकडे जपानहून एक सेकंडहँड ग्राइंडिंग मशीन आलं. पॅनेलवर एक अक्षर इंग्रजी नाही. आणि मला तीन महिने फी भरून त्यातलं एक बटण वाचता येईना. मोबाइलचा कॅमेरा धरून बघितलं, काही लेबलं नीट आली, पण कूलंटच्या स्विचपाशी तेलाने अर्धवट पुसलेलं एक छोटं अक्षर होतं, त्यावर फोन सारखा म्हणायचा ‘माणूस’. आता स्विचवर माणूस कशाला? आम्हाला वाटलं ऑपरेटरसाठी काहीतरी सूचना असेल, उगाच हात नको लावायला, आणि दोन दिवस ते मशीन तसंच उभं राहिलं.

तिसऱ्या दिवशी कस्टमरकडचे जपानी इंजिनिअर दुसऱ्या कामासाठी आले होते त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी बाजूला पडलेला खोक्याचा पुठ्ठा घेतला, मार्करने त्यावर दोन अक्षरं शेजारी शेजारी काढली आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला. दोन्हीत दोनच तिरक्या रेघा, घराच्या छपरासारख्या. पहिल्यात डावी रेघ वरपासून खाली येते आणि उजवी तिच्या अंगातून फुटते, तो माणूस. दुसऱ्यात उजवी रेघ वर डोकं काढते आणि डावी तिच्या पोटाला टेकते, ते ‘आत येणं’, आणि स्विचवर त्याचा अर्थ चालू. त्याच्या शेजारचं ‘कापणं’, म्हणजे बंद. इरि आणि किरि. एवढंच होतं. जपानमधल्या पहिलीतल्या पोराला हा फरक कळतो, कारण त्याने ती अक्षरं हाताने काढलेली असतात, कुठली रेघ कुठल्या रेघेला टेकते हे त्याच्या बोटात असतं. मला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याच दिवशी अजून एक गोष्ट बघितली. ते साहेब लाइनवर उभे राहून रिजेक्ट पीस मोजत होते. आपण कसं चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारतो, तसं ते एक अक्षर काढत होते. पहिला पीस, वरची आडवी रेघ. दुसरा, मधली उभी. तिसरा, मधून उजवीकडे छोटी आडवी. चौथा, डावीकडे छोटी उभी. पाचवा, तळाची लांब रेघ, आणि अक्षर पुरं. त्या अक्षराचा अर्थ ‘बरोबर’, वाचायचं ‘तादाशिइ’ किंवा जोडशब्दात ‘सेइ’. पाच रेघांचं आहे म्हणून जपानमध्ये मोजायला तेच वापरतात. साहेब मधेच फोनवर गेले तर त्यांच्याबरोबरच्या दुसऱ्या माणसाने तो कागद उचलला, अर्धवट अक्षर बघितलं आणि चौथ्यापासून पुढे मोजायला लागला. एक शब्द बोलले नाहीत एकमेकांशी. सगळ्यांनी रेघा एकाच क्रमाने ओढल्या तरच अर्ध्या अक्षराचा आकडा वाचता येतो. क्लासमध्ये आम्हाला सांगितलं होतं की स्ट्रोक ऑर्डर वगैरे जुन्या लोकांचे सोपस्कार आहेत. मला ती शॉप फ्लोअरवर कामाला येताना दिसली.

त्यानंतर मी दुसरा क्लास शोधला. पुण्यात याची कमी नाही, रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, जपानी शिकवणारी जुनी जाणती माणसं आहेत. मला नारायण पेठेत एक बाई मिळाल्या, घरीच शिकवतात, आम्ही सगळे त्यांना सेन्सेई म्हणजे जपानीत ‘शिक्षक’ म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी जपानी अक्षर काढलंच नाही. बोर्डवर आपली वर्णमाला लिहिली, अ आ इ ई पासून ज्ञ पर्यंत, आणि डस्टर घेऊन पुसायला लागल्या. स्वरातले अ इ उ ए ओ ठेवले, बाकी पुसले. क ठेवला, ख ग घ ङ पुसले. च च्या ओळीच्या जागी स लिहिला. ट ठ ड ढ ण अख्खी ओळ गेली. त आणि न राहिले. प च्या ओळीच्या जागी ह, आणि म राहिला. मग य, र, व. मधला ल आणि व च्या पुढचं सगळं पुसलं. म्हणाल्या, आता वाचा. का सा ता ना हा मा या रा वा. हीच जपानी वर्णमाला, याच क्रमाने त्यांची डिक्शनरी चालते.

संपादक साहेब, मी खरंच सांगतो, अंगावर काटा आला. हा योगायोग नाहीये. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र चीनमार्गे जपानला गेले, ते नीट उच्चारता यावेत म्हणून तिथल्या भिक्षूंनी आपलं वर्णांचं शास्त्र शिकून घेतलं, त्यातून हा क्रम आला. कूकाइ नावाचा मोठा भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि ८०६ मध्ये परत आला, त्याने संस्कृतची सिद्धम् लिपी आणली, आणि जपानमधल्या स्मशानात थडग्यामागे लाकडी फळ्या लावतात त्यांवर आजही त्या लिपीतली अक्षरं लिहितात. आपल्याकडे सिद्धम् किती जणांना माहितेय? आणि गंमत बघा, ग पुसला होता तो क वर दोन टिंबं दिली की परत येतो, त चा द होतो, आणि ह ला टिंबं दिली तर ब होतो, छोटा गोल दिला तर प. ह चा ब कसा होईल असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, कारण फार पूर्वी जपानी लोक तिथे प च म्हणायचे, नंतर उच्चार बदलला, जागा मात्र तीच राहिली. आपली प फ ब भ म ची ओळ पाठ असलेल्या मराठी पोराला हे एका वाक्यात कळतं, इंग्रजी अक्षरातून शिकणाऱ्याला कळायचा प्रश्नच येत नाही.

उच्चाराचं पण तसंच. ‘त्सु’ इंग्रजी अक्षरात लिहिलं की आपली पोरं काहीही वाचतात, तसु, टिसू, अरे आपल्या चुन्यातला, चुलत्यातला च आहे तो! ‘जुना’ मधला ज पण आहे. हे उच्चार मराठीत जन्मापासून आपल्या तोंडात आहेत आणि आपण ते इंग्रजीच्या दारातून आत आणायला बघतो. ओबासान म्हणजे मावशी, आत्या, आणि ओबाआसान म्हणजे आजी, इंग्रजी अक्षरात लिहिताना ते लांबवणं बहुतेक जण गाळतात आणि मग समोरच्या चाळीस वर्षाच्या बाईला आजी म्हणून बसतात. ऱ्हस्व दीर्घासाठी शाळेत मार खाल्लेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला लागू नये. देवनागरीतून थेट हिरागानात, म्हणजे जपानीच्या उच्चारांच्या साध्या अक्षरांत जा, इंग्रजीचा वळसा कशाला.

मग लिहिणं. आप्पा बळवंत चौकातून मी गणिताची चौकटीची वही आणली, पहिली-दुसरीला असते ती, चार चौकटीत मिळून एक अक्षर. हिरागाना ४६, आणि त्याच उच्चारांची दुसरी अक्षरं काताकाना ४६. रोज पाच अक्षरं, प्रत्येक दोन ओळी. रात्री जेवण झालं की डायनिंग टेबलवर मी आणि माझी सहावीतली मुलगी बसायचो, ती तिचं शुद्धलेखन आणि मी माझं. माझ्या आईने एकदा बघितलं आणि म्हणाली, अरे आम्ही धुळीत गिरवायचो तसं गिरवतोयस की तू. तोच शब्द बरोबर आहे, गिरवणं. आपल्याकडे कित्ता होता, पाटी होती, अक्षराला वळण लावायचे, त्यासाठी मराठीत वेगळे शब्द आहेत म्हणजे ते काम किती महत्त्वाचं समजायचे बघा. जपानीत पण प्रत्येक रेघेच्या शेवटाला नाव आहे, तोमे म्हणजे थांबायचं, हाने म्हणजे टोक उडवायचं, हाराइ म्हणजे निसटतं सोडायचं. बाई वहीत लाल पेनने फक्त शेवटं तपासायच्या. इथे थांबला नाहीत, इथे उगाच उडवलंत.

हाताने लिहिण्याचा खरा फायदा मला काताकानात कळला. त्यात ‘शि’ आणि ‘त्सु’ म्हणून दोन अक्षरं आहेत, दोन्हीत दोन छोट्या रेघा आणि एक लांब, नुसतं बघून शिकणारा माणूस वर्ष वर्ष गोंधळतो. ‘न’ आणि ‘सो’ चं तेच, फक्त छोटी रेघ एकच. मी पण गोंधळायचो. बाईंनी सांगितलं बघू नका, लिहा. शि मध्ये छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक येतात आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु मध्ये छोट्या रेघा वर शेजारी शेजारी आणि लांब रेघ वरून खाली येते. शंभर वेळा लिहिल्यावर हात कुठल्या दिशेने गेला ते आठवतं, मग छापलेल्या अक्षरात पण रेघेचं जाड टोक कुठे आणि बारीक कुठे ते दिसायला लागतं. आणि काताकाना आला की कारखान्यातलं निम्मं जपानी येतं हो, कारण बाहेरून आलेले शब्द त्यातच लिहितात. मोओताआ म्हणजे मोटर, बोरुतो म्हणजे बोल्ट, बारुबु म्हणजे व्हॉल्व्ह, सुइच्चि म्हणजे स्विच. हे वाचता येणं मेंटेनन्सच्या माणसाला तीन महिन्याच्या ‘मी पुण्यात राहतो’ पेक्षा जास्त कामाचं आहे.

कांजीला, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थाच्या अक्षरांना, लोक सगळ्यात जास्त घाबरतात. आकडा पण मोठा आहे, रोजच्या वापरासाठी सरकारी यादी २१३६ अक्षरांची, त्यातली १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत. वर एकेका अक्षराचे दोन-दोन तीन-तीन उच्चार, एकटं असलं की वेगळा, जोडशब्दात वेगळा, म्हणून पोरं क्लास सोडतात. पण हे मराठी माणसाला अवघड का वाटावं? आपण एकटा असला की ‘हात’ म्हणतो आणि जोडशब्दात ‘हस्त’, हस्ताक्षर, हस्तांदोलन. जपानीत हाताचं अक्षर एकटं असताना ‘ते’, आणि हस्तांदोलनाला शब्द ‘आकुशु’, त्यातला शु म्हणजे तोच हात. आग एकटी असली की ‘हि’, आणि अग्निशामक नळकांड्याला ‘शोओकाकि’, मधला ‘का’ म्हणजे तीच आग, आपण पण तिथे आगशामक म्हणत नाही, अग्नि म्हणतो. देशी शब्द एक आणि संस्कृतातून आलेला एक, तसंच त्यांचा देशी एक आणि चीनमधून आलेला एक. हे उदाहरण मी आमच्या शिफ्टच्या पोरांना दिलं तेव्हा एकजण म्हणाला, काका हे आधी का नाही सांगितलं कोणी.

शॉपमध्ये जपानी पाटी असते ‘आन्झेन दाइइचि’, सुरक्षा प्रथम. त्यातलं पहिलं अक्षर ‘आन’, छपराखाली बसलेली बाई. हिरागानातला ‘आ’ या अक्षरातूनच आला, भराभर लिहिता लिहिता गोल होत गेला. हिरागाना सगळा असाच बनलाय. मला लगेच मोडी आठवली, हात न उचलता सरसर लिहायची. आमच्या गावच्या घरी ट्रंकेत पणजोबांचे जमिनीचे कागद आहेत मोडीतले, घरात एकालाही वाचता येत नाहीत, मध्यंतरी वाद झाला तेव्हा वाचणारा शोधत आम्ही दोन महिने फिरलो. मराठीच आहे, आपल्याच घरातलं आहे, आणि वाचता येत नाही. जपानमध्ये पण आज साध्या माणसाला जुनं वळणदार हस्तलिखित वाचता येत नाही, १९०० साली सरकारने शाळेसाठी एका उच्चाराला एकच हिरागाना ठरवला आणि बाकीची रूपं मागे पडली. लिपी हातातून गेली की काय होतं ते मी घरच्या ट्रंकेत बघितलंय, म्हणून या विषयावर मी जरा जास्त बोलतो.

आता समोरची बाजू. आमच्या क्लासला हिंजवडीची एक मुलगी येते, आयटीत आहे, तिचं म्हणणं, काका आता सगळं टाइप करायचं असतं, जपानी लोक पण हाताने लिहायचं विसरत चाललेत. तिचं अगदीच चूक नाही. तिथे यासाठी शब्दच आहे, वाआपुरो बाका, म्हणजे वर्ड प्रोसेसरमुळे अक्षरं विसरलेला. आणि जेएलपीटी ही जपानीची परीक्षा, जी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि जिच्या सर्टिफिकेटवर नोकऱ्या मिळतात, तिच्यात पर्याय निवडून गोल काळे करायचे असतात, हाताने एक अक्षर लिहायला लागत नाही. त्यामुळे क्लासवाले लिहिणं काढून टाकतात, त्यांचा पण हिशोब असतो. रोज तीन तास बसमध्ये जाणाऱ्या पोराला मी २१३६ अक्षरं लिही म्हणणार नाही, मी स्वतः अजून तीनशेच्या आसपास आहे.

पण टाइप करताना काय होतं बघा. ‘किकाइ’ टाइप केलं की कॉम्प्युटर यादी दाखवतो, एक किकाइ म्हणजे मशीन, एक किकाइ म्हणजे संधी. उच्चार अगदी सारखा. निवडायचं तुम्ही. उच्चारावर शिकलेला माणूस पहिलं दिसेल ते निवडतो, आणि मग ‘संधी दिल्याबद्दल आभार’ च्या जागी ‘मशीन दिल्याबद्दल आभार’ असा मेल जातो, आमच्या ओळखीतल्या एका पोराचा गेलाय, बिचारा आठवडाभर तोंड लपवत होता. आणि जपानी विसरतात म्हणता, ते बारा वर्षं शाळेत लिहून मग विसरतात, वाचायला त्यांचं काही अडत नाही. आपण न लिहिता विसरायला निघालोय. निदान पहिली दोनशे-तीनशे अक्षरं हाताने लिहावीत, पुढची त्यांच्याच तुकड्यातून बनतात, मग नुसती बघून पण ओळखू येतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. एक पुण्यातल्या क्लास चालवणाऱ्यांना. बोलायला शिकवा, पण प्रत्येक तासाला पंधरा मिनिटं वही काढायला लावा, आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा की लिपी शिकवणार की नाही. मी पैसे भरले तेव्हा मला हे माहीत असतं तर मी एक वर्ष वाचवलं असतं. शॉपवर काम करणाऱ्या माणसाचा रविवार फार महाग असतो.

दुसरी तुम्हाला. तुमच्या शैक्षणिक पानाच्या कोपऱ्यात रोज एक कांजी छापा. जपानमध्ये पहिलीला ८० अक्षरं असतात, मी वर सांगितलेली माणूस, आत, बरोबर, हात, आग ही सगळी त्यातलीच. रविवार सोडून रोज एक छापलं तरी साधारण तीन महिन्यात होतील. अक्षर मोठं छापा, रेघांवर १, २, ३ आकडे घाला, उच्चार देवनागरीत द्या, एकट्याचा वेगळा आणि जोडशब्दातला वेगळा, आणि खाली चार रिकाम्या चौकटी ठेवा म्हणजे पेपरवरच गिरवता येईल. इंग्रजी अक्षर त्यात एक पण नको. तपासून द्यायला आमच्या सेन्सेई तयार आहेत, मी त्यांना विचारलंय, मानधन नको म्हणाल्या.

सुरुवात ‘यामा’ पासून करा असं त्यांनी सुचवलंय. डोंगर. तीनच रेघा, आधी मधलं उंच शिखर वरून खाली, मग डावीकडची उभी रेघ तशीच तळाला वळवून उजवीकडे न्यायची, मग उजवीकडची छोटी. माझ्या मुलीला विचारलं तर म्हणाली मधली उंच काढायला विसरू नका म्हणून लिहा, तिच्या वर्गात सगळे तिन्ही सारख्या काढतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
दिघी, पुणे